डाग दिसतो तिथेच गळती असते असे नाही

प्रश्न : आमची ठाण्यातील चार मजली इमारत २२ वर्षांची आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूमच्या छताला पिवळसर डाग पडला असून तो वाढत वाढत पंख्याजवळ पोहोचला आहे. त्याच खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे येतात. वरच्या मजल्यावरील कुटुंबाचे म्हणणे असे, की त्यांनी दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या फरशा बदलल्या आहेत, त्यामुळे दोष त्यांचा नाही. सचिव म्हणतात, हा दोन सभासदांमधला प्रश्न आहे. एक ठेकेदार आतून केमिकल मारून सात वर्षांची हमी द्यायला तयार आहे. डिसेंबरमध्ये मुलीचे लग्न आहे. गणपतीनंतर लगेच केमिकल मारून, पुट्टी भरून रंग देऊन घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आतून केमिकल मारू नका आणि गणपतीनंतर लगेच रंगही देऊ नका. डिसेंबरपर्यंत खोली लग्नघराला शोभेल इतकी नीट करता येईल, तेवढा वेळ आपल्या हाताशी आहे. मात्र आपण ठरवलेला कामांचा क्रम नेमका उलटा आहे. पाणी कुठून येते ते आधी शोधायचे, ते तिथे थांबवायचे, मग भिंत आणि स्लॅब वाळू द्यायचे, त्यानंतर दुरुस्ती करायची आणि रंगाला हात सर्वांत शेवटी लावायचा. यांतली एक पायरी गाळली, तर पुढच्या श्रावणात आपण मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

त्याआधी एक काम आजच करा. डाग पंख्याजवळ आला आहे असे आपण लिहिले आहे. विजेच्या तारा ज्या नळीतून जातात ती नळी स्लॅबच्या काँक्रीटमध्येच पुरलेली असते आणि पाण्याला तिच्यासारखी आयती वाट दुसरी नाही. म्हणून त्या खोलीचा एमसीबी (विजेच्या पेटीतील कळ) बंद करून ठेवा, पंख्याचा डबा इलेक्ट्रिशियनकडून उघडून तपासून घ्या आणि तो कोरडा असल्याची खात्री होईपर्यंत पंखा किंवा दिवा लावू नका. घरातील आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळ) वारंवार पडत असेल, तर तो जबरदस्तीने वर करून ठेवण्याचा मोह टाळा. तो आपले काम करीत असतो. पंख्याच्या हुकाचीही पाहणी करून घ्या, कारण ओलीने गंजलेल्या हुकाला पंख्याचे वजन पेलत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आपल्या पत्रातून मला एक नव्हे, दोन गळत्या दिसतात, आणि बहुधा त्या एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. छताचा डाग थोडाथोडा वाढतच आहे, तर भिंतीचे पोपडे पावसाळ्यापुरते येतात. खोली एकच असल्यामुळे घरातली माणसे दोन्हींसाठी एकच दोषी शोधतात आणि तिथेच वादाला तोंड फुटते. वरच्या मजल्यावरील कुटुंबाला भिंतीच्या पोपड्यांसाठी बोल लावला, की ते खरेच निर्दोष असल्यामुळे रागावतात आणि मग छताच्या डागाबद्दलही ऐकून घेत नाहीत. म्हणून बोलण्यात, पत्रात आणि खर्चाच्या हिशेबात या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.

पाणी स्लॅबमध्ये शिरते एका ठिकाणी आणि खाली दिसते भलत्याच ठिकाणी. काँक्रीटमधील बारीक भेगा, सळ्यांच्या कडा, विजेच्या नळ्या आणि स्लॅबचा किंचित उतार यांच्या आधाराने ते पाच-सात फूट आडवे सरकू शकते. त्यामुळे डागाच्या नेमके वर काय आहे, एवढेच पाहून निष्कर्ष काढणे योग्य नाही. कुठे गळते यापेक्षा केव्हा गळते हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही यंत्राशिवाय आपण स्वतः मिळवू शकता. डागाच्या कडेने पेन्सिलने रेषा ओढा, शेजारी तारीख लिहा आणि पंधरा दिवस एका वहीत सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा : डाग ओला की कोरडा, थेंब पडले की नाही, पाऊस किती झाला, वरचे लोक घरी होते की गावाला गेले होते.

ही वही पुष्कळ काही सांगते. पाणी दिवसरात्र एकाच वेगाने झिरपत असेल, तर दाबाखालची पाणीपुरवठ्याची नळी फुटलेली असण्याचा संभव मोठा. २० वर्षांपूर्वी भिंतीत गाडलेल्या लोखंडी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) नळ्या आतून गंजून नेमक्या वळणावर आणि जोडावर फुटतात. सकाळी आंघोळी आटोपल्यावर तास-दोन तासांनी डाग ओला होत असेल, तर सांडपाण्याची नळी, नहाणी ट्रॅप (फरशीवरचे पाणी जिथून नळीत उतरते ते भांडे) किंवा फरशीचे सांधे यांच्याकडे पाहावे लागते. फ्लश ओढल्यानंतर ओल वाढत असेल आणि तिला दुर्गंधी येत असेल, तर संडासाच्या भांड्याचा जोड तपासायला हवा. मोठ्या पावसानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ओल वाढत असेल, तर दोष बाहेरच्या भिंतीचा, खिडकीचा, सज्जाचा किंवा पावसाच्या पाण्याच्या नळीचा समजावा. वातानुकूलन यंत्राची पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबूनही भिंत ओली होते, आणि हे कारण इतके क्षुल्लक वाटते की ते बहुतेक वेळा सर्वांत शेवटी तपासले जाते.

नोंदी हाती आल्या की एखाद्या स्थापत्य अभियंत्याला बोलवा; शक्यतो असा, ज्याला वॉटरप्रूफिंगचे काम स्वतः घ्यायचे नाही. निदान आणि ठेका एकाच माणसाकडे असला की निदान ठेक्याच्या सोयीने होते, असे मी अनेकदा पाहिले आहे. तो येताना ओलावा मोजणारा मीटर आणेल, कदाचित थर्मल कॅमेराही आणेल. कॅमेऱ्याच्या रंगीत चित्राने भारावून जाऊ नका. त्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो, आणि ओली जागा थंड असल्यामुळे ती वेगळ्या रंगात उमटते. त्या जागेवर मीटर टेकवून खात्री केल्याशिवाय त्या चित्राला पुरावा म्हणता येत नाही.

त्यानंतर वरच्या न्हाणीघरात चाचण्या घ्याव्या लागतील आणि त्या एकेक करून घ्याव्या लागतील, नाहीतर कशामुळे गळले ते कळणारच नाही. प्रथम पुरवठ्याच्या नळ्यांची तोंडे बंद करून त्यांत दाब भरून ठेवतात. दाब उतरला तर नळी फुटली आहे. गरम पाण्याची नळी वेगळी तपासावी, कारण गिझर सकाळीच चालत असेल तर तिची गळती सांडपाण्याच्या गळतीसारखी भासते. दुसऱ्या पायरीत नहाणी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून फरशीवर इंच-दीड इंच पाणी २४ तास साठवून ठेवतात आणि खालचा डाग पाहतात. तिसऱ्या पायरीत ट्रॅप मोकळा करून त्यात रंग मिसळलेले पाणी सोडतात, फ्लशच्या टाकीत दुसरा रंग टाकतात, आणि खाली कोणत्या रंगाचे पाणी उतरते ते पाहतात. प्रत्येक चाचणीनंतर एक-दोन दिवस मध्ये जाऊ द्यावे लागतात. म्हणजे आठवडाभर वरच्या कुटुंबाची गैरसोय होणार, हे त्यांना आधीच मोकळेपणाने सांगा आणि त्या दिवसांत आपले न्हाणीघर वापरायला द्या. कायद्याच्या नोटिशीने जे साधत नाही, ते अशाने पुष्कळदा साधते.

दोन वर्षांपूर्वी फरशा बदलल्या, या त्यांच्या म्हणण्यावर मी अविश्वास दाखवणार नाही. पण नव्या फरशा म्हणजे गळतीपासून सुटका, हा समजही बरोबर नाही. उलट कित्येकदा गळती फरशा बदलल्यानंतरच सुरू होते. जुन्या फरशा हातोड्याने फोडताना खालच्या कोब्याला आणि ट्रॅपच्या गळ्याला हादरे बसतात, तिथला जोड सुटतो आणि वरून नवी चकचकीत फरशी बसवली की तो दिसेनासा होतो. फरशी स्वतः पाणी अडवत असली तरी तिचे सांधे अडवत नाहीत. सांध्यांमध्ये नुसते पांढरे सिमेंट भरलेले असेल, तर ते वर्षभरात भुगा होऊन निघते. त्यातच आपल्याकडच्या जुन्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब फूट-दीड फूट खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. वरून झिरपलेले पाणी त्या भरावात साचत राहते. अशा ठिकाणी मूळ गळती बंद केल्यानंतरही खाली दहा-पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त दिवस, पाणी ठिबकत राहते. लोक तेवढ्यात धीर सोडतात आणि प्लंबरने फसवले असे म्हणून दुसऱ्याला बोलावतात.

दोष फक्त सांध्यांमध्ये असेल, तर ते कोरून काढून त्यांत इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचे, पाणी न शोषणारे मिश्रण) भरणे हा दोन दिवसांचा आणि तुलनेने स्वस्त उपाय आहे. ट्रॅपच्या गळ्यापाशी गळती असेल, तर तेवढाच भाग उघडून जोड नव्याने करता येतो. पण भरावात पाणी साचले असेल, तर अर्धवट उपायांवर पैसे घालवू नयेत. फरशी आणि भराव पूर्ण काढून स्लॅब उघडा करावा, जुन्या नळ्या बदलून घ्याव्यात, भिंत आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा (कोपरा गोलसर करणारी पट्टी) काढावा, आणि त्यावर पॉलिमरमिश्रित सिमेंटचे दोन थर आडवे-उभे द्यावेत. हे थर भिंतीवर किमान फूटभर वर चढवावेत आणि शॉवरच्या बाजूला माणसाच्या उंचीपर्यंत न्यावेत. मग ४८ तास पाणी साठवून चाचणी घ्यावी आणि खाली थेंबही आला नाही तरच हलका भराव, वरचा दुसरा थर आणि फरशी, असे पुढे जावे. ठेकेदार ही चाचणी टाळायला पाहतात, कारण तिच्यात दोन दिवस जातात आणि दोष निघाला तर काम पुन्हा करावे लागते. पैसे कुठे वाचवायचे हे ठरवताना निदान या दोन दिवसांवर पाणी सोडू नका.

एक जुना अनुभव सांगतो. मी पूर्वी राहत असलेल्या इमारतीत पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांनी स्वयंपाकघराच्या भिंतीतील ओलीवरून दोन वर्षे एकमेकांशी अबोला धरला होता. वरच्यांनी मोरी दोनदा फोडून नव्याने बांधली. शेवटी एका जोराच्या पावसात मी डक्टमध्ये (नळ्यांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत) डोकावून पाहिले, तर गच्चीवरून येणाऱ्या नळीचा जोड तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर तडकला होता आणि त्यातून उडणारे पाणी थेट त्या भिंतीवर आपटत होते. ती नळी सोसायटीची होती. दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. अबोला सुटायला मात्र पुढची दिवाळी उजाडली.

आता त्या सात वर्षांच्या हमीबद्दल. आतून मारलेले केमिकल पाण्याच्या वाटेच्या शेवटच्या टोकाला बूच मारते. वरून येणारे पाणी त्यामुळे थांबत नाही, ते स्लॅबच्या आतच अडकते, सळ्यांना जास्त काळ भिजवते आणि नवी वाट काढून दुसऱ्या खोलीत उतरते. डाग दिसेनासा झाला म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि खरे नुकसान तिथूनच वाढू लागते. भेगेत दाबाने पॉलियुरेथेन किंवा सिमेंटचे ग्राउट भरण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि पाण्याच्या टाक्या, तळघरे अशा ठिकाणी, जिथे दुसऱ्या बाजूने पोहोचताच येत नाही, तिथे ती योग्यही ठरते. आपल्या वरच्या घराचे दार मात्र ठोठावता येते. शिवाय हमीचा कागद नीट वाचा : तिच्यात कंपनीच्या मालाची हमी आहे की केलेल्या कामाची, हे बहुतेकांना वर्षभरानंतर समजते.

स्लॅबच्या सळ्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. छताच्या डागाखाली गिलाव्यावर लाकडी मुठीने हलके ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, सळईच्या रेषेत सरळ भेग दिसली किंवा पिवळ्याऐवजी तांबूस डाग आढळला, तर सळई गंजू लागली आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि एके दिवशी खपली खाली येते. अशा वेळी खाट त्या जागेखालून आजच हलवा. दुरुस्तीची रीत ठरलेली आहे : स्लॅबला टेकू द्यायचे, सैल काँक्रीट सळईच्या मागच्या बाजूपर्यंत काढायचे, सळई तारेच्या ब्रशने घासून तिच्यावर गंजरोधक लेप द्यायचा, जाडी फार कमी झाली असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने जोडसळई टाकायची आणि मग पॉलिमर मॉर्टार थराथराने भरून ते ओले ठेवायचे. गंजलेल्या सळईवर नुसता गिलावा चढवणे किंवा खालून फॉल्स सीलिंग करून ती झाकणे, हे मी अक्षम्य मानतो. छताला पीओपी असेल, तर डागाभोवतीचा भाग काढून टाका. भिजलेला पीओपी पूर्ववत होत नाही आणि त्याच्यामागचे काही दिसतही नाही.

पश्चिमेच्या भिंतीचे निदान तुलनेने सोपे आहे. ठाणे-मुंबईकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याने तो पश्चिम व दक्षिण भिंतींवर तिरका आपटतो. काँक्रीटची तुळई आणि विटांची भिंत ऊन-पावसाने वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात, म्हणून त्यांच्या जोडावर आडवी भेग पडते. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, उतार नसलेला दगडी उंबरा, खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसलेला सज्जा आणि भेगेत रुजलेले पिंपळाचे रोप, ही इतर नेहमीची कारणे. पिंपळ नुसता कापून चालत नाही, मुळासकट काढावा लागतो; सोसायटीत त्याला हात लावायला कोणी धजत नाही हे मला ठाऊक आहे, पण रोप बोटभर असतानाच ते काढून मैदानात लावले तर कोणाच्याच भावना दुखावणार नाहीत. भिंतीची खरी दुरुस्ती बाहेरूनच होते आणि ती पाऊस पूर्ण थांबल्यानंतरच करावी : ठोकून पोकळ निघालेला गिलावा काढणे, जोडांवर जाळी बसवून दोन थरांत नवा गिलावा करणे, खिडकीभोवती सीलंट भरणे आणि गिलावा पूर्ण वाळल्यावर भेगा झाकू शकणारा लवचीक रंग लावणे. तोवर बाहेरून ताडपत्री बांधता आली तर जरूर बांधा.

वाळवणे ही पायरी आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. परदेशात पाण्याने बिघडलेली घरे सावरणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्या कामातली माणसे आल्याबरोबर प्रथम पाण्याची जात ठरवतात. नळाचे स्वच्छ पाणी, आंघोळीचे वा कपडे धुतल्याचे वापरलेले पाणी, आणि संडासाचे किंवा पुराचे मैलामिश्रित पाणी, असे त्यांचे तीन वर्ग असतात. तिसऱ्या वर्गातले पाणी गादीत, गालिच्यात किंवा प्लायवूडमध्ये शिरले असेल, तर त्या वस्तू वाळवायच्या नसतात, टाकायच्या असतात. त्यानंतर ते मोठे पंखे भिंतीच्या पायथ्याशी लावतात, खोली बंद करून हवेतला ओलावा शोषणारी डिह्युमिडिफायर यंत्रे चालवतात आणि घरातील एका कोरड्या भिंतीचे मोजमाप प्रमाण धरून ओल्या भिंतीचा आकडा त्याच्या जवळ येईपर्यंत रोज मोजतात. वाळले की नाही हे हात लावून ठरवत नाहीत.

आपल्यालाही हेच तत्त्व वापरता येईल. ऑगस्टमध्ये खिडक्या उघड्या टाकल्या की खोली वाळते, हा भाबडा समज आहे. बाहेरची हवा आधीच ओलाव्याने भरलेली असताना ती आत घेऊन भिंत वाळणार नाही. पावसाळी दिवशी खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्र कोरड्या हवेच्या मोडवर चालवा, किंवा डिह्युमिडिफायर मिळाल्यास तो लावा, आणि बाहेर कडक ऊन असेल त्या दिवशी खिडक्या उघडा. सुटलेली पुट्टी आणि पोपडे खरवडून काढा, म्हणजे भिंतीला श्वास घेता येईल. भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो. भिंत वाळली का हे पाहण्यासाठी फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवा दमट आहे.

काळी-हिरवी बुरशी ही वाळवण्यात झालेल्या दिरंगाईची खूण असते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर तिच्यावर बुरशी बहुधा धरत नाही. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, तिचे कण घरभर पसरतात. तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने ती पुसा आणि फडके फेकून द्या. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र करण्याची चूक कोणीही करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम चालू असताना त्यांना दुसऱ्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरी ठेवा.

खर्च कोणी करायचा, यावर सचिवांचे उत्तर अर्धेच बरोबर आहे. राज्याच्या सहकार खात्याने गृहनिर्माण संस्थांसाठी दिलेल्या आदर्श उपविधींनुसार (बायलॉज) बाहेरच्या भिंती, गच्ची आणि कठडा, सामायिक पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्या आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. सभासदाच्या घरातील संडास, मोरी, बेसिन यांमुळे होणारी अंतर्गत गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. म्हणजे आपल्या पश्चिम भिंतीचा भार सोसायटीवर आहे. छताच्या डागाचे निदान होईपर्यंत तो कोणाचा, हे कोणीच सांगू शकत नाही. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा आणि लागणाऱ्या दुरुस्तीबद्दल कळवण्याचा अधिकार सचिवांना आहे, त्यामुळे हा दोन सभासदांमधला प्रश्न आहे असे म्हणून त्यांना बाजूला होता येणार नाही. दोन गळत्यांसाठी दोन स्वतंत्र अर्ज लिहा, फोटो आणि वहीतील नोंदी जोडा आणि पोच घ्या. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी व्हायला हवे, तेव्हा मागचे परीक्षण केव्हा झाले हेही त्याच अर्जात विचारा. कशालाच दाद मिळाली नाही, तर सहकारी न्यायालयाचा मार्ग आहे. पण लग्नाच्या आधी तिथून काही हाती लागेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आपला गृहविमा असेल तर कागद काढून पाहा. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमायोजनेत पाण्याच्या टाक्या आणि नळ्या फुटल्याने किंवा ओसंडल्याने झालेले नुकसान धरलेले आहे. नळी फुटल्याचे निदान झाले, तर दुरुस्तीपूर्वीचे फोटो आणि प्लंबरचा लेखी अहवाल घेऊन विमा कंपनीला लगेच कळवा. वर्षानुवर्षे झिरपत आलेल्या ओलीचा दावा मात्र कंपनी सहजासहजी मानत नाही.

आता वेळापत्रक. वहीतल्या पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्या की चाचण्या आणि अर्ज त्यापुढच्या पंधरवड्यात उरका. वरच्या न्हाणीघराचे काम घराच्या आतले असल्यामुळे ते भर पावसातही होऊ शकते; ते गणपतीच्या आधी किंवा नंतर, पण सप्टेंबर संपण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवे, म्हणजे स्लॅबला वाळायला ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळतील. बाहेरच्या भिंतीचे काम पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला सुरू करा. ठेकेदाराला कामाचे टप्पे, मालाचे नाव आणि थरांची संख्या लिहून द्यायला सांगा, पाण्याची चाचणी कराराचा भाग करा आणि किमान दहा टक्के रक्कम पुढचा पावसाळा पार पडेपर्यंत हाती ठेवा. छताला नोव्हेंबरच्या अखेरीस, प्लास्टिकच्या कागदाची चाचणी कोरडी निघाल्यावर रंग द्या. पश्चिमेची भिंत तोवर पूर्ण वाळेल असे मी सांगू शकत नाही, म्हणून तिथे यंदा पुट्टी आणि प्लास्टिक रंग न लावता नुसता चुना किंवा साधा डिस्टेंपर लावा. त्यातून ओल बाहेर पडत राहते आणि लग्नाच्या फोटोत कोणाला फरकही कळत नाही. कपाट त्याच भिंतीला टेकलेले असेल, तर ते आजच चार बोटे पुढे ओढा आणि त्याची मागची फळी पाहा. लग्नाच्या साड्या त्यात ठेवायच्या असतील तर त्याआधी ती फळी बदलून घ्यावी लागेल.